पोळ्याला जुंपलेली राजदूत

पारोळ्यात झुलालच्या गॅरेजवर गाडी नेली की आधी मालकाची दुरुस्ती व्हायची, मग गाडीची. चेन कोरडी दिसली की झुलाल हातातला पाना खाली ठेवायचा, कमरेवर हात घ्यायचा आणि समोरच्या हॉटेलातल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचा, "घरना बैलले पानी पाजस का त्यालेबी असाच मारस?" गिऱ्हाईक मोठा बागाईतदार असो की शाळेचा हेडमास्तर, त्याला सगळे सारखेच. निम्मी गिऱ्हाइकं या तोंडापायी दुसरीकडे गेली. उरलेले आम्ही. आम्हाला इलाज नव्हता, कारण आमचे रस्ते हे रस्तेच नव्हते.

मी रुपचंद, दूधवाला. बोरीकाठच्या खेड्यांतून दूध गोळा करून पारोळ्याला आणायचं, हा तेव्हाचा माझा धंदा. एकोणनव्वद-नव्वदचा सुमार असेल. माझ्याकडे राजदूत होती, तिला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. वाटेत नदीची रेती, नाल्यातले गोटे आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. तो चाक आणि मडगार्डच्या मध्ये असा गच्च बसायचा की गाडी जागच्या जागी थांबायची आणि मी हँडलवरून पुढे जायचो. दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की भाऊ, रस्ता बदल. झुलाल म्हणाला, "रस्ता नही बदलाना. बैल बदलाना."

मग त्याने माझ्या राजदूतचं पार रूप पालटलं. पुढचं मडगार्ड वीतभर वर उचललं, म्हणजे चिखलाला बाहेर पडायला जागा. मागचं चेन-चक्कर मोठ्या दातांचं बसवलं. गाडी डांबरी रस्त्यावर पळेना, पण चढावर एखाद्या घोरपडीसारखी चढायला लागली. एअर फिल्टरमध्ये तेलात भिजवलेला स्पंज, धूळ आत जाऊ नये म्हणून. टायरमधली हवा त्याने मुद्दाम कमी केली. मला वाटलं, पंक्चर आहे. तो म्हणाला, "बैलनं खूर जमीन धरस. फुगेल फुगा काय धरी?"

मागच्या शॉकअपचं काम करताना तर त्याने कमाल केली. मला भरलेल्या कॅनांसकट गाडीवर बसवलं आणि स्वतः रस्त्यात आडवा पडून, एक डोळा मिटून, गाडी किती खाली बसते ते बघत राहिला. ऊठ म्हणाला, उठलो. बस म्हणाला, बसलो. हॉटेलातली माणसं झुलालला फीट आली असं समजून कांदा घेऊन धावत आली.

ही सगळी बैलांची भाषा त्याच्या घरातली. बाप बैलबाजारातला दलाल. बैलाचे दात बघून वय आणि चाल बघून मालकाची अक्कल सांगायचा. झुलालने धंदा मोटारसायकलचा धरला, पण जीभ बापाचीच ठेवली. हँडल म्हणजे शिंगं, पेट्रोलची टाकी म्हणजे वशिंड, क्लचची वायर म्हणजे कासरा. आणि ब्रेक म्हणजे खांदा. हे त्याचं लाडकं होतं. चढावर जोर पायांचा, पण उतारावर बैलगाडीचा सगळा भार जुवातून बैलाच्या खांद्यावर येतो, तसा मोटारसायकलचा ब्रेकवर येतो, असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. "खांदा सांभाळ रे भो. खांदा गया ते बैल गया." त्याची बायको कुंदाबाई हे वाक्य लग्नापासून ऐकत आली होती.

साहजिकच पोळ्याला गॅरेज बंद. नुसतं बंद नाही, त्या दिवशी झुलालच्या अंगणात उभी असलेली एकही गाडी सुरू करायची नाही. गाड्या धुवायच्या, हँडलला बेगड चिकटवायचा, आरशांना गोंडे बांधायचे, सीटवर झूल टाकायची. एका वर्षी ऐन पोळ्याला कुठल्याशा खात्याचे एक साहेब बंद पडलेली गाडी ढकलत आले आणि तातडीचं काम आहे म्हणाले. झुलालने गाडीच्या दिव्याला गंध लावलं, साहेबांच्या हातात पुरणपोळी ठेवली आणि म्हणाला, "साहेब, आज याले सुट्टी शे. तुमले नसी ते पायी जा." साहेब पायी गेले. पुरणपोळी मात्र खात खात गेले.

आता कुंदावहिनींचं सांगतो, नाहीतर हे सगळं नुसतं झुलालपुराण होईल. अंगणात रोज पाच-सहा चिखलाने लडबडलेल्या गाड्या यायच्या आणि त्या धुवायला पाणी लागायचं. नळ नव्हता. पाणी गल्लीच्या टोकाच्या आडाचं, आणि ते शेंदायचं काम वहिनींचं. वर्षानुवर्षं दोर ओढून त्यांचा उजवा खांदा गेला होता. भाकरी थापतानासुद्धा मध्येच थांबून त्या खांदा दाबायच्या. झुलालला शॉकअपमधलं तेल सूतभर कमी झालेलं नुसत्या आवाजावरून कळायचं. हे मात्र त्याला दिसायचं नाही.

वहिनींचा भाऊ गिरधर वरणगावला फॅक्टरीत कामाला होता. तिथे भरती निघाली तेव्हा त्याने झुलालला अर्ज करायला लावला, आणि या तोंडाळ माणसाची चक्क निवड झाली. क्वार्टर मिळणार होतं. गिरधर वरणगावला गेल्यापासून एकदम शुद्ध बोलायला लागला होता. तो ओट्यावर बसून म्हणाला, "दाजी, आता हे चिखलातले धंदे पुरे. तिथे कसं, ठरावीक वेळ, ठरावीक काम. कुणाशी वाद नाही." वहिनी मध्येच म्हणाल्या, "घरमा नळ शे तठे. फिरावा का पानी येस." त्या हे असं म्हणाल्या की मलाच कसंतरी झालं.

झुलालने बरीच चुळबुळ केली. आणि मग मला अडकवलं.

धुळ्याच्या हौशी पोरांचं एक मंडळ लळिंगच्या डोंगराखाली दरसाल मोटारसायकलींची शर्यत भरवायचं. कुरणातून सुरुवात, दगडगोट्यांचा चढ, वरची सोंड, मग एक भयंकर उतरण, खाली नाला आणि नाल्यापलीकडे झेंडा. झुलाल दोन वर्षं माझी राजदूत तयार करून मला तिथे नेत होता. दोन्ही वर्षं मी चढ सगळ्यांच्या पुढे चढलो आणि उतरणीवर पडलो. कारण साधं होतं. खाली बघितलं की भीती वाटायची आणि मी ब्रेक दाबायचो. मुरमाड उतारावर ब्रेक दाबला की चाक अडकतं आणि गाडी आडवी होते, हे झुलालने मला शंभरदा सांगितलं होतं. पहिला गिअर टाक, फूटरेस्टवर उभा राहा, बूड मागे घे आणि गाडीला सोड. "उतारवर खांदाले हात लाऊ नको. बैलले समजस कसं उतरानं." बैलाला समजत असेल. मला पोरंबाळं आहेत.

तर झुलालने गिरधरला शब्द दिला. "यंदा रुपचंदनी गाडी पयली उनी नही, ते सोमवारे मी वरणगावले जासू. कुंदानी आन." म्हणजे एका माणसाचं गॅरेज, त्याची जीभ, त्याचं उरलेलं आयुष्य, सगळं माझ्या ब्रेकच्या पायावर आलं. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

आणि त्या वर्षी मंडळाने शर्यत ठेवली नेमकी पोळ्याच्या दिवशी. त्या शहरी पोरांच्या घरी बैल कुठले, त्यांना ती सुट्टी वाटली. गल्लीत एकच चर्चा सुरू झाली. ज्याने साहेबाला पायी पाठवलं, तो आता स्वतः पोळ्याला बैल जुंपणार. झुलाल दोन दिवस राजदूत पुसत बसला होता. शेवटी म्हणाला, "जुपनाच पडी." पण गाडी धुळ्यापर्यंत चालवत न्यायला त्याने साफ नकार दिला. निदान तेवढी तरी सुट्टी तिला मिळावी म्हणून ती दुधाच्या टेम्पोत चढवून न्यायची ठरली.

आदल्या संध्याकाळी मी गेलो तेव्हा झुलालने गाडीची दोन्ही चाकं काढली होती. ब्रेकचे नवे लायनर ओट्यावर वर्तमानपत्रावर मांडून ठेवलेले, चंद्रकोरीसारखे. सगळीकडे खांदेमळणी चालली होती. तुम्हाला ठाऊकच आहे, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात, वर्षभर जू ओढून दुखलेला खांदा मऊ पडावा म्हणून. झुलाल वेल्डिंगवाल्याकडे फूटरेस्ट आणायला गेला, मी त्याच्याबरोबर. परत आलो तर लाइट गेलेली. झुलालने कंदिलाच्या उजेडात लायनर बसवले, चाकं चढवली. एकदा नाक वर करून म्हणाला, "तूपना वास येस." मी म्हटलं, उद्या पोळा आहे, वास काय डिझेलचा येणार?

सकाळी टेम्पोने धुळे. सुरुवातीच्या रेषेपाशी मी ब्रेक दाबून पाहिला तर जरा गुळगुळीत वाटला. झुलाल म्हणाला, "नवा लायनर शेत. बठतीन." आजूबाजूला हेल्मेटवाली, बूटवाली पोरं. माझ्या हँडलला मात्र वहिनींनी बांधलेले गोंडे, कारण पोळा होता. एक पोरगा म्हणाला, काका, दूध कुठाय? मी त्याच्या आईवरून काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात झेंडा पडला.

चढाचं सांगत बसत नाही. राजदूत चढली. शॉकअप कॅनशिवायच्या वजनाला झुलालने मऊ करून ठेवले होते, गोट्यांवरून मागचं चाक उडतच नव्हतं. सोंडेवर आलो तेव्हा मी दुसरा होतो, आणि पुढे उतरण दिसली. रात्रीच्या पावसाने ती आणखी ओघळली होती. मग मी काय केलं असेल? ब्रेक दाबला.

काही झालं नाही.

पुढचा दाबला. काही नाही. मागचा अंगात होता तेवढा सगळा जोर लावून दाबला. गाडी थांबली नाही, पण चाकातल्या ब्रेकच्या ड्रममधून खमंग वास यायला लागला, तव्यावर पुरणपोळीला तूप सोडल्यासारखा. मी मरायला चाललो होतो आणि मला भूक लागत होती. झुलालच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मी पहिला गिअर टाकला, उभा राहिलो, बूड मागे घेतलं आणि गाडीला सोडलं. दुसरं करण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. पुढच्या पोराने वळणावर ब्रेक दाबला आणि तो आडवा झाला. त्याच्या शेजारून मी ओरडत खाली गेलो. लोक म्हणतात ती आरोळी जिंकल्याची होती. नव्हती. नाला आला, नाल्यातून पार झालो, झेंडा मागे गेला आणि तरीही गाडी थांबेना. शेवटी एका बाभळीने थांबवली.

मी पहिला आलो. झुलाल नाचला. टेम्पोत पारोळ्यापर्यंत त्याचं तोंड बंद नव्हतं. "पाहं का, एकबी डाव खांदाले हात नही लाया! मना पट्ठ्या शे!" मी बाभळीचे काटे उपटत म्हटलं, "हात लाया रे, पायबी लाया. तो लागनाच नही." त्याने वाकून मागच्या चाकाला हात लावला.

घरी पोचल्या पोचल्या त्याने अंगणात चाक काढलं. ड्रम उघडला. लायनर पिवळे, तुपात भिजून चकचकीत. गिरधर ओट्यावर बसला होता, सोमवारी दाजींना बरोबर घेऊन जायला आलेला. गाडी हरली असती तर फायदा कोणाचा, हे झुलालच्या डोक्यात लख्ख उजळलं आणि तो पाना घेऊन उठला. "गिरध्या! तू लायं तूप?" गिरधरची वर्षभराची शुद्ध भाषा एका क्षणात गेली. तो खांबामागे जाऊन ओरडायला लागला, "मी नही दाजी! मायनी आन, मी नही! माले काय ठाऊक कोठे काय ऱ्हास ते!"

तेवढ्यात कुंदावहिनी दारात आल्या. "त्याले काबरं मारतस? मी लायं."

झुलालच्या हातातला पाना तसाच वर राहिला.

"काल खांदामयनी व्हती ना," वहिनी म्हणाल्या. "तुम्हीन पोयाना दिन गाडीले जुपी राह्यनात. गल्लीमा बठ्ठा लोके बोलतस. मंग खांदा तरी चोळाले पाहिजे का नही? तुम्हीनच म्हनतस, ब्रेक म्हंजे गाडीना खांदा. मी खांदा चोळा. हयद बी लाई, तूप बी लायं. मंग फडकाघाई पुसं, तुमले घान चालत नही म्हनीसन."

  झुलालने पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "कुंदा, गाडी हारती ते तुले नळ भेटता."

"भेटता."

"मंग?"

"मंग काय? तठे ठरायेल टाइम, कोनाशी वाद नही. तुम्हीन सांजले घर उनात ते गप बठतात. मी भांडू कोनासंगे?" एवढं बोलून त्यांनी गिरधरला खांबामागून बाहेर ये म्हणून हाक मारली. हळद-तुपाची वाटी अजून तुळशीजवळच्या कोनाड्यात होती. त्या बोलता बोलता डाव्या हाताने उजवा खांदा दाबत होत्या, रोजच्या सवयीने. आणि मी शपथेवर सांगतो, झुलालने तो हात तेव्हा पहिल्यांदा पाहिला. शॉकअप बघताना बघायचा तसा, मान वाकडी करून, नीट पाहिला.

तो कोनाड्यापाशी गेला, वाटी घेतली.

"खांदा दाव."

"कोना खांदा?"

"जो दुखस तो."

"आरे देवा, दूधवाला बठेल शे आठे! लाज धरा काही!" वहिनी लाल झाल्या. मी गिरधरकडे तोंड फिरवलं, गिरधरने भिंतीकडे. मागून ग्रीसने काळ्या झालेल्या बोटांना वाटी घासल्याचा आवाज आला, आणि वहिनी म्हणाल्या की जरा हळू, हा काय नट शे का. मग त्या रडल्या. मीही रडलो असतो, पण पाठीत बाभळीचे काटे होते आणि मला आधीच पुरेसं दुखत होतं.

सोमवारी गिरधर एकटाच वरणगावला गेला. लायनर वाया गेले होते, तूप प्यायलेला लायनर कशानेही सुधारत नाही. झुलालने ते शर्यतीत मिळालेल्या ढालीशेजारी खिळ्याला टांगले आणि त्यांना मुंग्या लागल्या. मी जिवाची पर्वा न करता उतरण उतरलो, याबद्दल आजतागायत मला कुणी काही म्हटलेलं नाही. सगळं श्रेय तुपाला.

पण मला सांगायचं होतं ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचं. सकाळी मी दूध घालायला गल्लीत शिरलो तर आडावर गर्दी. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, पुरुष उघड हसत होते. मध्ये झुलाल, धोतर खोचून, दोर ओढत होता. त्याला ते अजिबात जमत नव्हतं, निम्मं पाणी पोहरा वर येईपर्यंत आडातच परत जात होतं आणि तो पोहऱ्याच्या मालकाला शिव्या देत होता. हॉटेलवाला चुडामण म्हणाला, "आरे झुलाल, आज बायकोले सुट्टी का? पोया ते काल व्हयना!"

झुलालने पोहरा कठड्यावर टेकवला, दम घेतला आणि म्हणाला, "तुमना व्हयना. मना घरमा आजपासून शे."